वन्संच्या तोंडातल्या टाचण्या

माझ्या नणंदेसमोर तुम्ही वाक्य सुरू करायचं, पुरं ती करते. आणि तुमच्यापेक्षा बरं करते, हा त्यातला खरा त्रास. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, नवरा मितभाषी आहे. पुढे कळलं की बिचाऱ्याला वाक्याच्या शेवटापर्यंत कुणी जाऊच दिलेलं नाही. त्याने "ताई, मला जरा..." म्हटलं की वन्सं म्हणणार, "चहा." चहा यायचा आणि तो मुकाट्याने प्यायचा.

खोड धंद्यातून आलेली. वन्सं नाट्यगृहात प्रॉम्प्टर होत्या. विंगेत स्टुलावर बसायचं, नाटकाच्या वहीवर छोटा दिवा धरायचा आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच त्याच्याकडे सरकवायचा. त्या नट अडायची वाट बघत नसत. त्याने श्वास कसा घेतला यावरून त्यांना कळायचं की हा आता अडणार. मी त्याच नाट्यगृहात कपडेपट सांभाळते, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही. ज्यांच्या पाठांतराचं गावभर कौतुक व्हायचं असे दोन तरी थोर नट वन्संच्या जिवावर थोर होते.

नाट्यगृहाने मागच्या इमारतीत शाळा काढली ती नट घडवायला नव्हे. नाटक चालवणारी माणसं तिथे तयार करायची होती, म्हणजे दिग्दर्शक, रंगमंच सांभाळणारे, उद्या एखादी नाटक मंडळी हाकू शकतील असे. शिकवाल का असं वन्संना विचारलं तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, "ज्यांच्या घरी नाटकाच्या गप्पा जेवणाबरोबर वाढल्या जातात, त्यांचीच मुलं घ्यायची असतील तर मला बोलावू नका."

मग वर्गाची जी भरती झाली ती बघून मी कपाळाला हात लावला. नातवंडं असलेली एक शिंपीण. चाकांच्या खुर्चीतला एक तरुण, ज्याच्यासाठी वन्संनी मागच्या दाराच्या पायऱ्या फोडून उतार करून घेतला आणि परवानगी नंतर मागितली. दुसऱ्या देशातून आलेली एक मुलगी, जी आपली भाषा शिकता शिकता नवे शब्द तळहातावर लिहून घ्यायची. आणि एक पोस्टमन.

"वन्सं, ही शाळा आहे की धर्मशाळा?" मी विचारलं.

"बघायला कोण कोण येतं नाटक?"

"सगळेच येतात."

"मग चालवायला त्याच चार घरांतले का?"

मी इस्त्री जरा जोरातच फिरवली.

शिकवण्याची तऱ्हाही त्यांची स्वतःची. आधी प्रत्येकाने प्रत्येक खोलीत राबायचं. सुतारकामाच्या खोलीत, तिकीट खिडकीत आणि माझ्या कपडेपटातही. मग पाळीपाळीने एकेकाने सगळी तालीम चालवायची. ज्याची पाळी, त्याचा शब्द शेवटचा. वन्संनीसुद्धा तो ऐकायचा. शिंपिणीने पहिल्याच तालमीत वन्संना झाडू मारायला लावला आणि वन्संनी मारला. त्यांच्या हाताखाली लोक का मोठे होतात ते मला त्या दिवशी कळलं. बोलून दाखवलं नाही, तेवढा नणंद-भावजयीचा धर्म मी पाळते.

पोस्टमन बोलताना अडायचा. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच थबकायचा, मान थोडी वर जायची, मग केव्हातरी शब्द सुटायचा. टपाल खात्यात त्याचं बरं चाललं होतं, कारण पत्र द्यायला फार बोलावं लागत नाही. पण त्याला रंगमंच सांभाळायचा होता. ते काम म्हणजे विंगेतल्या टेबलाशी हेडफोन लावून बसायचं आणि प्रत्येक दिवा, प्रत्येक पडदा आपल्या शब्दावर हलवायचा. "तयार" म्हटलं की माणसं सज्ज होतात, "सोड" म्हटलं की हात हलतो. वन्संनी सुचवलं, शब्दाऐवजी बटण आणि खुणेचा दिवा बसवू. तो म्हणाला, "इथे बसवाल. पुढच्या गावी... कोण बसवेल?" बरोबर होतं त्याचं.

वर्षअखेरीच्या नाटकाचा रंगमंच त्याच्याकडे आला. फिरत्या नाटक मंडळीची मालकीण ते बघायला येणार होती. तिला दौऱ्यासाठी असाच माणूस हवा होता. पोस्टमनची बिनपगारी रजा संपत आलेली. हे काम मिळालं तर मिळालं, नाहीतर पुन्हा पिशवी खांद्याला.

जगात या माणसाला शिकवायला सगळ्यात नालायक कोण असेल, तर प्रॉम्प्टर. तालमीत तो थांबला रे थांबला की वन्सं मागून वाकून माइकमध्ये म्हणायच्या, "सोड." त्यांना कळायचंही नाही. लाइटवाला जुना, आयुष्यभर वन्संच्या आवाजावर विसंबलेला. त्याचा हात आपोआप हलायचा. बघता बघता सगळे पोस्टमनचं ऐकेनासे झाले. ते त्याच्या मागच्या आवाजाची वाट बघायचे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि वन्सं तर ठणठणीत होत्या.

मग नाटकातल्या राजाची फजिती झाली. दोन प्रवेशांच्या मध्ये, अंधारात, राजा रंगमंचावरच कपडे बदलतो. शेवटच्या मोठ्या तालमीत विजार उलटी निघाली. पोस्टमनने विंगेतून ते पाहिलं आणि "सोड" म्हणायचं थांबवलं. अडला नव्हता, मुद्दाम थांबला होता. वन्संना शांतता ऐकू आली, त्यांनी शब्द पुरवला आणि लख्ख उजेडात आमचा राजा एक पाय विजारीत घालून लंगडी घालताना सगळ्यांना दिसला. माझ्या कपडेपटाची अब्रू गेली. मी तावातावाने विंगेत गेले, पण पोस्टमन आधीच उभा होता.

"बाई," तो म्हणाला, "माझं वाक्य मला..."

वन्संचे ओठ उघडले.

"...द्या," तो म्हणाला. मग सावकाश, एकेका शब्दाशी झगडत पुढचं बोलला. "मी थांबतो तेव्हा... तुम्हाला वाटतं, अडलोय. प्रयोगात तुम्ही एक शब्द बोललात तर मी हेडफोन... काढून ठेवीन. मग मंडळी नको आणि... शाळाही नको."

वन्सं काही न बोलता गेल्या. त्यांना तसं जाताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

प्रयोगाच्या दिवशी त्या कपडेपटात आल्या. मी तोंडात टाचण्या धरून राजाच्या अंगरख्याला टीप घालत होते.

"या तोंडात धरल्या की बोलता येत नाही ना गं?"

मी मान हलवली.

"चार दे मला."

मी टाचण्या हातावर काढल्या. "वन्सं, गिळाल."

"गिळेन. पण बोलणार नाही." त्यांनी हात पुढे केला. "मला मदत कशी करायची तेवढंच येतं गं. मदत न करणं मला कुणी शिकवलंच नाही."

लोक मूग गिळून गप्प बसतात. माझी नणंद ओठांत टाचण्या धरून विंगेत उभी राहिली.

प्रयोग चांगला चालला. पोस्टमन मध्ये मध्ये अडत होता, पण कुठे अडतो ते त्याला ठाऊक होतं आणि तो तेवढा आधी सुरू करत होता. राजाची विजारही वेळेवर चढली. मग शेवटचा प्रवेश आला. घर सोडून जाणारी म्हातारी अंधारात जिना उतरते, खालच्या खुर्चीत बसते आणि ती बसली की तिच्यावर उजेड येतो. नाटक त्या उजेडावर संपतं.

"तयार," पोस्टमन म्हणाला. पुढे काहीच नाही. त्याची मान वर गेली. अंधार वाढत चालला. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. मालकीण पहिल्या रांगेत बसली होती. मी वन्संकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले आणि तो एक शब्द त्यांच्या दातांमागे धडका देत होता. मला वाटलं, ही बाई आता बोलणार आणि या पोराचं वाटोळं करणार.

त्या बोलल्या नाहीत.

"सोड," पोस्टमन म्हणाला.

उजेड आला. म्हातारी नुकतीच टेकली होती, शालीचं टोक अजून हलत होतं. टाळ्या बऱ्याच उशिरा सुरू झाल्या.

मालकीण मागे आली ती आधी लाइटवाल्याकडे गेली. "अंधार लांबला. तुमचा हात कसा गेला नाही?"

"त्याने सांगितलं नव्हतं," लाइटवाला म्हणाला, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

मग ती पोस्टमनकडे वळली. "अडलात की थांबलात?"

"आधी... अडलो. मग बघितलं, शाल कठड्याला अडकली होती. मग थांबलो."

तिने त्याला तिथल्या तिथे विचारलं, दौऱ्यावर कधीपासून येता. तो उत्तर द्यायला लागला आणि अडला. आम्ही सगळे उभे राहून वाट बघत होतो, मालकीणसुद्धा. वन्संनी माझ्या तळहातावर टाचण्या ठेवल्या. त्यातली एक चावून पार वाकडी झालेली. मोठं काम करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण काहीच न करण्यासाठी एवढं बळ लावणारी ही एकच.

घरी आलो. नवरा जागाच होता. आम्ही टेकतो न टेकतो तोच म्हणाला, "ताई, मला जरा..."

मी सवयीने चहाच्या पातेल्याकडे हात नेला. वन्संनी माझं मनगट धरलं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तो गडबडला. पुढे काय असतं ते त्यालाही आठवेना असं वाटलं.

"मला जरा," तो म्हणाला, "तुझ्या शेजारी बसून एकदा नाटक बघायचं होतं. आतून. लहानपणी तू म्हणायचीस ना, नेईन म्हणून."

वन्संनी डोळे पुसले, तेही माझ्या पदराला.

दुसऱ्या प्रयोगाला विंगेत दोन स्टुलं होती. एकावर माझा नवरा, दुसऱ्यावर वन्सं, तोंडात चार टाचण्या.