अप्पांचं मोडीतलं पत्र

आज जुनी पेटी उघडली आणि वाळ्याच्या वासासरशी तंजावूरच्या घरातली ती दुपार परत आली.

पापनाशमहून आजोबांचं मोडीतलं पत्र आलं होतं. बाबांना मोडी येत नसे. शेजारचे मास्तर वाचून दाखवायचे. मोडीच्या वर्गाला चार दिवस जाऊन मी पंडित झालो होतो. "मास्तर कशाला? मी आहे ना!"

"वाच रे राजा, अप्पा काय म्हणतात?"

मला एकही ओळ लागेना. मग वैराग्य, आत्मा, कावेरीचा संथ प्रवाह, असं काहीबाही ठोकून दिलं. बाबा हात जोडून ऐकत होते. "अप्पा सुखात आहेत," ते म्हणाले. आठवड्यात आजोबा गेले.

पुढे मोडी खरंच शिकलो, पण हे पत्र उघडायचा धीर आज झाला. दोनच ओळी आहेत : "अंथरूण धरले आहे. एकदा येऊन तोंड दाखव."