अर्जातल्या एका ओळीसाठी पोहणं

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की आजी, या वयात पाण्यात उतरायचं तुला सुचलं तरी कसं. तेव्हा मी हसून विषय बदलला, कारण गोष्ट लांब होती आणि तुमची जेवायची वेळ झाली होती. आता नीट लिहिते. कारण होतं एक अर्ज, आणि तोही माझा नव्हे.

आपल्या शेजारची मुलगी तुम्हाला आठवत असेल. मागच्या खेपेला तुम्हा दोघांना ती ओहोटीला खडकांवर कालवं दाखवायला घेऊन गेली होती. तिचे वडील जयगडच्या बंदरावर क्रेन चालवतात, आई शाळेत शिकवते. मुलगी तेव्हा बारावीत होती, आणि समुद्राचा अभ्यास करायला परदेशी जायचं तिने मनाशी ठरवलं होतं. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जाता येणार होतं. हे त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच त्यावर कोणी बोलत नसे.

अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या आळीत इंग्रजी माझं बरं. शिवाय आदल्या वर्षी थोरलीचा असाच अर्ज मी व्हिडिओ कॉलवर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला होता, त्यामुळे या विषयात मी स्वतःला अधिकारी समजत होते. अभ्यासाखेरीज तुम्ही काय काय करता, हे लिहायला त्यात दहा जागा असतात. थोरले, तुला त्या दहा अपुऱ्या पडल्या होत्या. वादविवाद, चेलो वाजवणं, अनाथ मांजरं आणि काय काय. इथे माझ्यासमोर बसलेल्या मुलीने दोन जागा भरल्या, शाळेची कबड्डी आणि विज्ञान प्रदर्शन, आणि पेन चावत बसली.

"मासे साफ करते, ते लिहू का आजी?"

"कुणाला काही शिकवतेस का? शिकवणं त्यांना आवडतं."

"मी काय शिकवणार? मला अभ्यास येतो आणि पोहता येतं, बस."

पालीच्या पुढे तिच्या आईचं माहेर आहे. तिथल्या नदीच्या डोहात आजोबांनी तिला सहाव्या वर्षी पोहायला शिकवलं होतं. मी लगेच वही ओढली आणि लिहिलं: ज्येष्ठ महिलांसाठी पोहण्याचा वर्ग. संस्थापक आणि प्रशिक्षक, ही. विद्यार्थिनी, मी आणि माझ्या दोन मैत्रिणी.

तिने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे खरं करायचंय, की नुसतं लिहायचंय?"

मला राग आला. तीस वर्षं शाळेत हजेरीपट ठेवला मी. गैरहजर मुलाला कधी हजर दाखवलं नाही. अर्जात आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे विचारले होते. मी म्हटलं, आठवड्याला चार तास, बारा आठवडे, आणि त्यातलं प्रत्येक मिनिट पाण्यात. लगेच पट आखायलाही घेतला. तांबड्या शाईने समास मारेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की मला पाण्याची भीती वाटते.

माझ्या एका मैत्रिणीची नारळ-पोफळीची वाडी आहे. वाडीच्या शिंपण्यासाठी तिथे जुना चिऱ्याचा हौद आहे, बारा हात लांब आणि पाणी छातीपर्यंत. तिला विचारलं तर ती म्हणाली, "हौद घ्या. पण मी मालकीण, मी काठावर बसून बघेन." दुसरी मैत्रीण निवृत्त नर्स. ती म्हणाली, "मी येते. तुम्हा दोघींना काही झालं तर कोणीतरी नको?"

नवरात्र संपल्यावर पहिला वर्ग भरला. जुने पंजाबी ड्रेस, डोक्याला घट्ट बांधलेले पंचे. आजोबांच्या पद्धतीप्रमाणे मुलीने सोडणासकट, म्हणजे वरच्या सालीसकट, सुके नारळ आणले होते, दोन-दोन सुंभाने एकमेकांना बांधलेले. ती जोडी छातीखाली घ्यायची म्हणजे माणूस बुडत नाही. मी जोडी छातीखाली घेतली, पाय उचलले, आणि नारळ माझ्या बगलेतून निसटून एकटेच पलीकडच्या काठाला गेले. मालकीण काठावर इतकी हसली की पाय घसरून तीही आत आली. हजेरीपटात मी तिची वेळ मांडली: आठ वाजून दहा मिनिटं.

काय सांगू बाळांनो, मी अशी कधी हसले नव्हते. दर बुधवारी आणि रविवारी सकाळी तिघी बायका, वयाची बेरीज दोनशेच्या वर, एकमेकींच्या तोंडावर पाणी उडवतोय. नर्सबाई बुडताबुडता मला श्वास कसा घ्यायचा ते सांगतायत. मालकीण म्हणतेय, "अगो, माझ्या हौदातलं पाणी पिऊ नकोस, पोफळींना उरू दे." त्यानंतर चहा आणि गरम घावणे. घरी येताना माझ्या चपला हातात असायच्या आणि मला कळायचंही नाही.

मुलगी मात्र शिस्तीची निघाली. नोव्हेंबरात तिने माझा पट तपासला.

"आजी, आठ ते दहा लिहिलंयत. साडेनऊला तर आपण चहा घेतो."

"चहा वर्गाचाच भाग आहे."

"चहा मी शिकवत नाही."

चार तासांचे तीन झाले. मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. तांबड्या शाईने मी प्रत्येक ओळ दुरुस्त केली.

डिसेंबरच्या अखेरीस मुदत आली. शेवटच्या दिवशी आमच्या वेळेनुसार सकाळी साडेदहाला अर्ज बंद होणार होता. आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. बाकी सगळं भरून झालं होतं, निबंधसुद्धा. फक्त वर्गापुढची दोन ओळींची जागा मोकळी होती. मी तिला सांगितलं, लिही, सत्तरी ओलांडलेल्या तीन महिलांना पोहायला शिकवलं.

"नाही लिहिता येणार आजी."

"का? छत्तीस तास भरलेत."

"तास भरले. पण शिकवलं कसं म्हणू? नारळांशिवाय कोणीच जात नाही. तुम्ही तरंगता. खरं तर नारळ तरंगतात."

मी म्हटलं, परीक्षा घ्यायला तिथून कोण येणार आहे? हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. ती म्हणाली, "ही ओळ सोडून देते. नऊ जागांतही होईल कदाचित." पण नऊ जागा तरी कुठे भरल्या होत्या? मोजून पाच होत्या, आणि त्यातली हीच काय ती तिची स्वतःची.

मी दोघींना फोन केले. सकाळी सातला हौदावर. नऊला शिंपणं सुरू होणार आणि हौद रिकामा होणार, म्हणजे दोन तास हातात.

नर्सबाई पहिल्या उतरल्या. नारळ सोडून निम्म्यापर्यंत गेल्या आणि काठाला बिलगल्या. तीनदा तसंच झालं. मालकीण म्हणाली, "मला नका विचारू, मी हौद दिलाय." पाणी गार होतं आणि मुलीचे ओठ निळे पडले होते. आठ वाजून गेले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मला जमणार नाही याची इतकी तिला खात्री होती.

मी नारळांची जोडी सोडवून काठावर ठेवली.

"मी पुढे चालते," ती म्हणाली. "हात पाण्याखाली आहेत माझे, पण लावणार नाही. लावले तर मोजायचं नाही."

भिंतीला पाय लावून मी ढकलून दिलं. पहिल्या तीन हातांना मी फक्त पाणी प्यायले. मग पाय आपोआप हलू लागले, बेडकासारखे, तिने शंभरदा सांगितलं होतं तसे. समोर तिचा चेहरा मागे मागे जात होता. कुठूनतरी मालकिणीचा आवाज येत होता, "चल गो, चल गो, तिथे शेवाळ आहे, धरू नकोस." मला हसू आलं, हसताना पुन्हा पाणी तोंडात गेलं, आणि मग बोटं कशाला तरी लागली. चिरा होता. खरखरीत, गार.

नर्सबाईंनी माझं मनगट धरून नाडी मोजली आणि म्हणाल्या, "आहे."

मुलगी तशीच ओल्या कपड्यांनी घरी पळाली. मी पंचा गुंडाळून मागोमाग गेले. मला त्या जागेत 'अथक परिश्रम' आणि 'समाजाप्रती बांधिलकी' घालायची होती, पण तिने माझी सगळी विशेषणं खोडली. शेवटी इंग्रजीत गेलं ते इतकंच: सत्तरीच्या तीन बायकांसाठी वाडीच्या हौदात वर्ग चालवला, एक पोहते, दोघी तरंगतात. दहा वाजून वीस मिनिटांनी तिने बटण दाबलं.

दोन विद्यापीठांनी नाही म्हटलं. मार्चच्या शेवटी एका दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि फोनच माझ्या हातात दिला. तिसऱ्याने प्रवेश दिला होता, पूर्ण शिष्यवृत्तीसह. मी ते पत्र उभ्याने वर्गात वाचावं तसं मोठ्याने वाचलं, मग तिच्या आईला बोलावून पुन्हा वाचलं, आणि वडिलांची पाळी संपून फोन लागला तेव्हा तिसऱ्यांदा. तोवर दोघी मैत्रिणी येऊन पोचल्या होत्या. आम्ही सगळ्या काहीही कारण नसताना एकमेकींना ढकलत होतो.

मुलगी डोळे पुसत म्हणाली, "पण तुम्हा दोघींना पोहायला लावल्याशिवाय मी जायची नाही."

"मग राहिलीस तू इथेच," मालकीण म्हणाली.

ऑगस्टात ती गेली. नर्सबाई मे महिन्यातच हौद पार करू लागल्या होत्या. मालकिणीचं अजून चालू आहे.