पडावाच्या फळ्यांवरचे दोन स्पीकर

तुळशीरामाच्या घराचा माळा पडावाच्या फळ्यांचा आहे. त्याच्या बापाने मिठागरात जन्म काढला. मीठ वाहणारा एक जुना पडाव, म्हणजे मोठी होडी, खाडीच्या चिखलात मोडीत निघाला, तेव्हा बापाने त्याच्या फळ्या डोक्यावरून घरी आणल्या आणि भिंतीभिंतींत तुळया टाकून त्यांवर ठोकल्या. पुढे चहूबाजूंनी नवीन पनवेलच्या इमारती उभ्या राहिल्या. माळा तसाच राहिला. दमट हवेत त्या फळ्यांना अजून मिठाचं पाणी सुटतं.

खाली पुतण्या हरेश, त्याची बायको मनिषा आणि तीन महिन्यांची अनुष्का राहतात. वर तुळशीराम एकटा. जिना बाहेरून आहे, त्यामुळे दोन-दोन दिवस कुणाचं तोंड न बघताही माणूस वर-खाली करू शकतो.

तीस-पस्तीस वर्षं तुळशीरामाने पंचक्रोशीत हळदीला आणि लग्नाला लाऊडस्पीकर लावले. शिरढोणपासून बेलपाड्यापर्यंत एकही मांडव असा नाही, की जिथली जमीन त्याच्या स्पीकरने हादरली नाही. त्याची बायको रंभा धवलारीण होती. आमच्याकडे लग्नाचे विधी धवलारीण लावते. ती धवले गाऊन देवांना आमंत्रण देते, हळद लावते, नवरा-नवरीला पाटावर बसवते. ती उभी राहिली की मांडवातला स्पीकर बंद करायचा, ही रीत. म्हणून रंभा गायला लागली की तुळशीराम मशीन बंद करी आणि चहा प्यायला मांडवाबाहेर जाई. एकाच मांडवात दोघांनी जन्मभर काम केलं, पण बायकोचा धवला त्याने कधी धड ऐकला नाही.

रंभा जाऊन चार वर्षं झाली. तिच्या आवाजाची एकच कॅसेट मागे राहिली. एका दुपारी त्याने नवा डेक आणला होता आणि तो तपासायला तिला म्हणाला होता, काहीतरी म्हण. ती याच माळ्यावर बसून अख्खा धवला गायली. तो तेव्हा तिच्याकडे बघतही नव्हता, डेकचा काटा किती हलतो ते बघत होता.

धंदा बंद झाल्यावर बाकीचं सामान गेलं. दोन मोठे स्पीकर त्याने वर आणून ठेवले आणि रोज दुपारी कॅसेट लावू लागला. पण आवाज यायचा तो विहिरीत पडलेल्या माणसासारखा. शब्द लागत नव्हता, नुसती घरघर यायची. स्पीकर जितका घुमे त्याहून जास्त फळ्या घुमत. जन्मभर मशीनजवळ उभं राहून कान अधू झालेले, त्यामुळे आवाज लहान ठेवला तर काहीच ऐकू येईना आणि मोठा केला की फळ्या तिला गिळून टाकीत.

आणि खाली वेगळीच तऱ्हा. अनुष्काचा पाळणा त्याच माळ्याच्या तुळईला टांगलेला. वर धवला लागला की खाली पाळण्याच्या साखळ्या कुरकुरत, मांडणीवरची ताटं वाजत, पोर दचकून उठे. मनिषाने दोनदा वर येऊन सांगितलं. तिसऱ्यांदा हरेश आला आणि दारातच उभा राहिला.

"काका, काकीचा आवाज हाय म्हणून मी आजवर बोललो नाय. पण आता रविवारी टेम्पो बोलावतो. हे धूड खाली पडवीत ठेवू."

"पडवीत तुझी गाडी असते."

"तर मग देऊन टाकू कुणाला."

तुळशीरामाने रविवारपर्यंत काहीतरी करतो एवढंच सांगितलं. दिवस चार होते. मोबाईलवर गाणी ऐकणाऱ्या माणसाला हे कळणार नाही, पण त्याला रंभा त्याच स्पीकरमधून हवी होती. ती गायला लागली की जो जन्मभर बंद राहिला, त्यातून.

पहिल्या दिवशी त्याने स्पीकरखाली गोधड्या घातल्या. वजनाने त्या दबून पापडासारख्या झाल्या आणि फळी तशीच थरथरली. दुसऱ्या दिवशी जुन्या टायरचे तुकडे घातले. ते फार कडक निघाले. तो पालथा पडून फळीला तळहात लावून बघे. मांडवात असंच बघायची त्याची सवय. तिथे जमीन हलली की काम चोख म्हणायचे. आता हाताखाली काहीच लागू नये, अशी त्याची इच्छा होती.

तिसऱ्या दिवशी त्याने स्पीकर माळ्याच्या मधून काढून भिंतीकडे सरकवले, कारण फळ्या मध्ये जास्त लवतात. खाली स्कूटरच्या ट्यूब अर्धवट फुगवून ठेवल्या, त्यांवर कडप्पा आणि कडप्प्यावर स्पीकर. ते डुलायला लागलं. टेम्पोत स्पीकर चढवणाऱ्याला डुलणारा स्पीकर बघवत नाही. एक जरी पडला तरी धंद्यातली अब्रू जाते. त्याच्या हातांनी आपसूक दोर घेतला आणि कडप्प्यासकट दोन्ही स्पीकर माळ्याच्या खांबाला करकचून आवळले. मग कॅसेट लावली. खाली ताटं वाजली. पोर रडली.

शनिवारी सकाळी तो पनवेलच्या बाजारात खलीलकडे गेला. खलील टेप, रेडिओ दुरुस्त करतो. मधली काही वर्षं कुवेतला काढून आलेला माणूस. तुळशीरामाने सगळं सांगितलं. खलीलने हातातली सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली.

"तुळशीभाई, होडी लाटेवर डोलते म्हणून धक्का शाबूत राहतो. तू तिला धक्क्यालाच आवळून बांधलीस. मग प्रत्येक लाट कुणाला बसणार?"

"पडला तर?"

"घरात कुठला टेम्पो वळण घेतोय? दोर सोड. अल्लाह मालिक."

घरी येऊन तुळशीरामाने दोर सोडला. स्पीकर किंचित झुलले आणि स्थिर झाले. गाठ सुटली तरी त्याचे हात बराच वेळ स्पीकरला धरूनच होते. मग त्याने एक-एक बोट काढून घेतलं.

दुपारी त्याने कॅसेट लावली आणि फळीला तळहात लावला. फळी गप्प होती. तो खाली गेला. पाळणा स्थिर होता, पोर झोपलेली. मनिषा भाजी निवडत होती. त्याने विचारलं, काही वाजतंय का. तिने मान वर करून कानोसा घेतला.

"ताटं नाय वाजत, काका. वरून बारीक येतंय तेवढं. तुमी मोठ्यानं लावलंय का?"

"लावलंय."

"मग ऱ्हाऊ दे. ह्यांना मी सांगते, टेम्पो नको म्हणून."

तुळशीराम वर आला, दार लोटलं आणि कॅसेट पहिल्यापासून लावली. रंभा लख्ख ऐकू आली. गाण्याआधी तिने घसा साफ केला, तोही आला.

"पयला मान गो मांडवाचे मेढी," मांडवाच्या खांबाला पहिला मान देत ती गायली आणि थांबली.

धवला एकटीचा नसतो. धवलारीण एक ओळ म्हणते आणि मांडवातल्या बायका तीच ओळ उचलून परत म्हणतात. त्या दुपारी माळ्यावर बायका नव्हत्या. तरी रंभाने सवयीने प्रत्येक ओळीनंतर त्यांच्यासाठी जागा सोडली होती. इतके दिवस ती जागा फळ्यांच्या घुमण्याने भरून जाई, म्हणून ती कधी कळली नाही. आता ती उघडी पडली. ओळ, मग एका ओळीएवढं मोकळं, मग पुन्हा ओळ. जिला उत्तर मिळत नाही अशी बाई न चिडता, न थांबता पुढे जात होती.

तुळशीराम तीन ओळी नुसता ऐकत राहिला. चौथी ओळ संपली तेव्हा त्याने तोंड उघडलं. पुरुष धवला म्हणत नाहीत, आणि त्याला तर शब्दही पाठ नव्हते. जेवढे लागले तेवढे त्याने खरखरत्या आवाजात परत म्हटले. त्याची अर्धी ओळ व्हायच्या आत रंभा पुढच्या ओळीवर गेली. त्याने ती सोडून दिली आणि पुढच्या मोकळ्या जागेसाठी घसा खाकरून ठेवला.