दांडीवरची खाच

"आसंल माजीच," आण्णा म्हणाले. "तुमी जानकार मानूस. तुमी म्हनता म्हंजी आसंल."

ओसरीवर स्टँडला लावलेली काळी, चकचकीत सायकल. शेजारी पंच्याऐंशीच्या घरातले आण्णा, एक हात दांडीवर. बोलताना ते सायकलीकडे बघत नव्हते, मुलाकडे बघत होते. निकाल माझ्या बाजूने लागला होता, तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही.

आधी मी कोण ते सांगतो. तीस वर्षं नगरच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये काढली. टूलरूम म्हणजे कारखान्याला लागणारे साचे आणि हत्यारं जिथे बनतात ती जागा. तिथे केसाच्या जाडीचा फरकही चालत नाही. रिटायर होऊन श्रीरामपूरच्या घरी आलो आणि जुन्या सायकलींचा नाद लागला. आमची मंडळी म्हणतात, लोक रिटायर झाल्यावर देवाला लागतात, हे भंगाराला लागले.

माझं काम सायकल ओळखायचं. जुन्या सायकलीचा रंग उडालेला असतो, पुढचा बिल्ला कुणीतरी केव्हाच काढून नेलेला असतो. घरच्यांना एवढंच माहीत असतं की आजोबांची होती. मग मी लग बघतो. लग म्हणजे दोन पाइप जिथे जोडले जातात तिथली लोखंडी बाही. प्रत्येक कंपनी तिची टोकं वेगळी कापायची. मग पुढचं चाक धरणारा चिमटा बघतो, चेन फिरवणाऱ्या चाकाची नक्षी बघतो, नटांच्या डोक्यावरची अक्षरं भिंगातून वाचतो. एवढ्यावर मेक सांगता येतो, आणि बहुतेक वेळा काळही. लोक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात, मी चष्मा लावून उत्तर देतो. दोनचारदा बरोबर आलं की माणूस चढतो. मीही चढलो होतो.

विलासचा फोटो असाच आला. विलास दूध संघात सुपरवायझर. गाव राहात्याच्या अलीकडे, चारीला लागून वस्ती. चारी म्हणजे कालव्याचा छोटा फाटा. त्याने लिहिलं होतं: "काका, वडिलांची सायकल पुण्याला देऊन रिस्टोअर करून घेतली. पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला सरप्राइज दिलं. ते म्हणतात ही माझी नाही. सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले. जुना आणि नवा फोटो पाठवतोय. तुम्ही बघून सांगता का?"

मी दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. लग तीच, चिमटा तोच, चेनचं चाक तेच. सीटच्या चामड्यावरचा तडासुद्धा तोच. मी उत्तर पाठवलं: "शंभर टक्के वडिलांचीच. इंग्लिश मेक, अस्सल. वय झालं की होतं असं." शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

पंधरा दिवसांनी शिर्डीला एका हॉटेलवाल्याकडे काम निघालं. त्याला लॉबीत ठेवायला जुनी सायकल हवी होती आणि ती खरी जुनी आहे की नाही ते बघायला मी हवा होतो. वस्ती वाटेवरच होती. म्हटलं, आपण ओळखलेली सायकल डोळ्यांनी बघून घ्यावी. थोडं कौतुकही होईल, हाही हिशोब मनात होता. खोटं कशाला बोलू.

विलास सुट्टीवर होता. त्याची बायको सुनंदा चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "काका, तुमचा मेसेज दाखवल्यापासून आण्णा बोलायचेच बंद झालेत. आधी रोज संध्याकाळी एकटे चारीवर जायचे. आता 'जाऊ का?' म्हणून विचारतात."

"विचारायलाच पाहिजे," विलास म्हणाला. "स्वतःची सायकल ओळखू येत नाही त्या माणसाला एकटं कसं सोडायचं? चारीला पाणी असतं. सोमवारी नगरला डॉक्टरकडे न्यायचंय. काका, राग नाही हो. भीती वाटते."

त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. हौसेने केलेल्या सायकलीला बापाने सगळ्यांसमोर परकी म्हटलं, ते दुःख होतंच. त्याहून मोठी ही भीती होती.

आणि आण्णा मला म्हणत होते, तुमी म्हनता म्हंजी आसंल. फोटोतली सायकल चुकली तर पुन्हा बघता येते. इथे एक माणूस माझ्या शब्दावर स्वतःवरचा विश्वास सोडून बसला होता.

तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. तोंडाने ते 'आसंल' म्हणत होते, पण अंगठा दांडीवर पुढे-मागे फिरत होता. एकाच जागी, पुन्हा पुन्हा. टूलरूममध्ये आम्हीही जॉबवर, म्हणजे घडवलेल्या तुकड्यावर, असाच अंगठा फिरवायचो. डोळ्याला न दिसणारा खड्डा अंगठ्याला कळतो. हा माणूस काहीतरी शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हतं.

"आण्णा, काय बघताय?"

"काय न्हाई." त्यांनी हात काढून घेतला. मग पुन्हा ठेवला. "हितं खाच हुती. आन् हितं दुसरी. चावीनं पडलेली."

"कसली चावी?"

"गेटाची. म्या पाटकरी हुतो न्हवं."

पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी पाळीप्रमाणे शेतकऱ्यांना सोडणारा सरकारी माणूस. चारीच्या गेटाची लोखंडी चावी चांगली दोन हात लांब आणि जड. आण्णा ती दांडीला ट्यूबच्या पट्टीने बांधून फिरायचे. कच्चा रस्ता, तीस वर्षांचे हादरे. चावी ज्या दोन ठिकाणी टेकायची तिथे दांडी वरून दबून खोलगट झाली होती. बाजूने काढलेल्या फोटोत ते मला दिसलं नव्हतं.

"आता चालवत न्हाई म्या," ते म्हणाले. "तोल जातो. पर हातात धरून चारीपत्तुर जातो. अंगठा त्या खाचंत बसतो. लई बरं वाटतं."

विलास म्हणाला, "आण्णा, तो डेंट त्यांनी भरला असेल. म्हणून तर लागत नाही हाताला."

मुद्दा बरोबर होता. रंगाच्या कामात खड्डा लांबी लावून भरतात. लांबी म्हणजे पत्र्यावर लावायची पुट्टी. घासून रंग दिला की बापजन्मात कळत नाही. पण माझ्या खिशात कायम एक छोटा लोहचुंबक असतो. लोखंडाला तो चिकटतो. वर लांबीचा थर असला की पकड ढिली होते, पितळाने खड्डा भरला असला तरी तसंच.

मी चुंबक काढला. पुढच्या लगपासून सीटपर्यंत बोटाबोटाच्या अंतराने लावत गेलो. सगळीकडे सारखाच घट्ट. दुसऱ्या बाजूने लावला, खालून लावला. मग रिकाम्या कपाची बशी घेऊन तिच्यावर चुंबक टेकवला आणि विलासला म्हटलं, "हा बघ, इथे नाही धरत. दांडीवर सगळीकडे धरतो. या दांडीला कधी खाच पडलेलीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सीट, कॅरिअर, चाकं, घंटी तुझ्या वडिलांची. फ्रेम दुसरी. मेक तोच, म्हणून मी फसलो."

विलासने तिथूनच पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"हो, फ्रेम बदलली ना," तो सहज म्हणाला. "खाली पायडलच्या जॉइंटला क्रॅक होती. म्हातारा माणूस बसणार, रिस्क कोण घेणार? सेम मेक, सेम साइज टाकली. उलट चांगली टाकली."

"मग सांगितलं का नाही?"

"सर, सांगितलं की कस्टमर नाराज होतात. ओरिजिनल ओरिजिनल करतात."

"जुनी कुठंय?"

"असेल मागे भंगारात."

"तिला हात लावू नका," मी मध्येच ओरडलो. "एसटीच्या पार्सलने श्रीरामपूरला पाठवा."

फोन बंद झाला. विलास खाली मान घालून बसला. मला लाज वाटली, आणि ती तिथेच बोलून टाकणं भाग होतं.

"आण्णा, माझं चुकलं. तुमचं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, रागावतील. रागवायचा हक्क होता त्यांना.

"मंग म्या येडा न्हाई," ते म्हणाले. विचारल्यासारखं.

"नाही हो आण्णा," सुनंदा म्हणाली आणि पदर डोळ्याला लावून आत गेली.

फ्रेम आठ दिवसांनी आली. गंजलेली, अर्धवट खरवडलेली. दांडीवर दोन खाचा. क्रॅक खरीच होती, दुकानदार त्यात खोटं बोलला नव्हता. मी ती पितळाने ब्रेझिंग करून घेतली, म्हणजे पितळ वितळवून सांधली. बसण्यापुरती नाही, हातात धरून चालण्यापुरती पक्की. रंग पातळ दिला. रंगारी म्हणाला, "मिस्त्री, खड्डे भरून देतो, फुकटात." त्याला कसंबसं आवरलं. विलासने सायकल माझ्याकडे आणली, आम्ही दोघांनी मिळून सगळे पार्ट जुन्या फ्रेमवर चढवले आणि टेम्पोत टाकून वस्तीवर नेली.

आण्णांनी सायकल पाहिलीच नाही. समोर बघत हात टाकला. अंगठा सरळ खाचेत गेला.

"व्हय," म्हणाले. एवढंच.

मग स्टँड काढला, टोपी नीट केली. "इलास, म्या चारीवर जाऊन येतो."

जाऊ का, म्हणाले नाहीत. विलास चपला शोधायला लागला. सुनंदाने त्याचा हात धरला. आम्ही तिघं ओसरीवरून बघत राहिलो. सायकल धरून ते बांधाबांधाने चालले होते, सावकाश, पण पाय कुठे अडखळत नव्हता.

डॉक्टरांकडे नेलंच होतं. आण्णा विसरतात हेही खरं आहे. गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, नातीला कधी कधी मुलीच्या नावाने हाक मारतात. त्यावर औषध चालू आहे. पण माणूस चार गोष्टी विसरला म्हणून पाचवी त्याला ठाऊक नसेलच असं नाही, हे मला या वयात कळलं. टूलरूममध्ये तीस वर्षं काढून.

व्हॉट्सॲपवर फोटो अजून येतात. मी मेक सांगतो, काळ सांगतो. 'शंभर टक्के' लिहायचं सोडलंय. आणि मालक हयात असेल, तर चष्मा लावायच्या आधी म्हणतो, त्यांच्याकडे फोन द्या.