फुगवट्यावरचे फोटो

गेल्या वर्षी माझ्या छातीत धडधड सुरू झाली. सुप्याच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर. मशीनच्या आवाजात आयुष्य गेलं, त्याचं कधी काही वाटलं नाही. पण ही धडधड शांततेत व्हायची. जेवताना, गाडी लावताना, कुणी मागून नुसती हाक मारली तरी. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट छान आहेत. डोकं जरा शांत ठेवा." मला असा राग आला की तिथल्या तिथे पुन्हा धडधडलं. डोकं शांत करायचं बटण कुठे असतं, तेवढं सांगायचं ते विसरले. आता जातो, मग जातो, असं वाटायचं. खरं सांगतो, मी फार घाबरलो होतो.

शेवटी बायकोने रजा टाकायला लावली आणि मला आपल्या माहेरी, नेवासा तालुक्यात आणून सोडलं. गावाच्या खालच्या अंगाला धरणाचा फुगवटा आहे, म्हणजे भिंतीमागे तुंबून पार शेतांपर्यंत पसरलेलं पाणी. सासुरवाडीत जावयाला कुणी काम सांगत नाही, नुसतं सारखं खायला घालतात. त्यातून सुटका म्हणून मी मोबाईल घेऊन पाण्यावर जायला लागलो.

पहिले फोटो भंगार होते. एकात माझंच बोट, दुसऱ्यात नुसतं आभाळ. मग कळलं, फोटो नीट यायचा तर आपल्याला आधी नीट उभं राहावं लागतं. बगळा मान वळवेपर्यंत थांबायचं. वारा पडून पाणी सपाट होईपर्यंत थांबायचं. थांबणं मला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. कारखान्यात चहा निवायची वाटही मी पाहत नसे. इथे मात्र काठावरच्या बाभळीखाली बूड टेकून निवांत बसायला लागलो, आणि मला ते चक्क आवडायला लागलं.

एका सकाळी समोरच्या वळणाचे फोटो काढले आणि मोठे करून पाहिले. एकात एक माणूस खांद्यावर पाइप टाकून उसाकडे पळत होता. पुढच्यात तोच, मोटार ओढत. मी मान वर करतो तोवर तो धापा टाकत समोर हजर.

"सायेब, ती मोटार माझी न्हाई."

"कुठली मोटार?"

"तुमी फोटो काढले ती."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फुगवट्यावर पाणी उपसायच्या विनापरवाना मोटारी पुष्कळ, आणि त्या उचलायच्या आधी पाटबंधारे खात्याची माणसं फोटो काढतात. बूट घातलेला अनोळखी माणूस काठाकाठाने फोटो काढत फिरतोय म्हटल्यावर दुसरं कोण असणार?

"अहो, मी कसला साहेब? इथला जावई आहे. पाण्याचे फोटो काढतोय."

"पान्याचे?" त्याने पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नुसत्या पान्याचे?"

"नुसत्या पाण्याचे."

तो मटकन खाली बसला. "आवो मंग आधी बोलायचं, पाव्हणं! लई घाबरलो हुतो. हे बगा." त्याने माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. आत काय धडधडत होतं! मी म्हटलं, "सावकाश श्वास घ्या. काही होत नाही, मला माहीत आहे." असं कुणाला मी सांगेन, हे स्वप्नातही आलं नव्हतं. त्याच्यादेखत मोटारीचे फोटो पुसले आणि पाइप पुन्हा पाण्यात सोडायला त्याला हात दिला.

घरी आल्यावर बायकोने काळजीने विचारलं, "अहो, आज धडधड झाली का?"

"झाली की," मी म्हटलं. "पण मला नाही."