घरात कमावणारे किती?
जयपुरात आल्यावर मला लोकवस्ती आणि कमाईच्या पाहणीचं काम मिळालं. तिथल्या सोडाला भागातल्या एका घरी मी विचारलं, "घरात कमावणारे किती?"

"एकच," नवरा म्हणाला.

शिलाई मशीनवर बसलेली बायको हळूच म्हणाली, "दो, मॅडम. मैं भी सिलाई करती हूँ."

त्यानं उठून तिच्या तोंडात मारली. ती खाली पडली, तरी तो लाथा घालतच राहिला. मी मध्ये पडले, तर त्यानं मलाही भिंतीवर ढकललं. माझं कपाळ फुटलं. मी किंचाळले, तशा शेजारच्या बायका धावून आल्या आणि त्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं.

तिला घेऊन मी पोलीस चौकीत गेले. तक्रार सांगताना तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता.