दुसरा पेला

नळाला घाण वास आला की गावाला रविकांतची आठवण यायची, एरवी नाही. गटाराचं पाणी नळात शिरलं, गल्लीला हगवण लागली, की पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून त्याला फोन जायचा. मग तो व्हॉल्व्ह बंद करायचा, खड्ड्यात उतरून फुटका जोड बदलायचा, पाइप धुवून काढायचा. शेवटी काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचा. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन पोचलं, प्यायला हरकत नाही.

पण बिलोलीच्या वाटेवरचं ते गाव काचेच्या नळीला भीक घालणारं नव्हतं. "आदी तू पी," म्हणायचं. म्हणून रविकांत सगळ्यांदेखत एक पेला घटाघटा प्यायचा आणि दुसरा भरून पुढे करायचा. पाटील गल्लीत तो दुसरा पेला साखराबाई घ्यायची. म्हातारी प्यायली की बाकीच्या बाया घागरी लावायच्या.

त्या दुसऱ्या पेल्यात रविकांतचा जीव होता. त्याचा बाप केरबा याच गल्लीच्या आडावर बाजूला ताटकळत उभा राहायचा. कुणाला दया आली तर वरून ओतायचे, तो ओंजळीत घ्यायचा. आता केरबाचं पोरगं पाणी द्यायचं आणि पाटलीण प्यायची. घरी गेल्यावर तो आईला सांगायचा. सरजाबाई दर वेळी विचारायची, "समदा पेला पेली?" आणि दोघं हसायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात गल्लीत पुन्हा वास सुटला. रविकांतने जोड बदलला, पाइप धुतला, नळीत थेंब टाकले. पाण्याला रंगच येईना.

"साहेब, पिवळं होऊन नाही राहिलं. आजून एकदा धुवावं लागतंय."

कचेरीतून आलेल्या संगमेश्वर साहेबांना दुसरीकडे जायची घाई होती. "लोक बोंबलून राहिलेत. तू पी, म्हणजे गप बसतील."

साहेबाला नाही म्हणणं त्याला एक वेळ जमलं असतं. पण समोर साखराबाई उभी होती. "दे रे बाबा, घसा सुकलाय," म्हणून तिने हात पुढे केला होता. आज माझ्या हातचं पिऊ नका, हे या गल्लीला सांगायला त्याची जीभ रेटेना. तो प्यायला आणि त्याने तिला दिलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी गल्ली जुलाबाने आडवी झाली. साखराबाई तर नांदेडला नेताना वाटेतच गेली. साहेबांनी हात झटकले. कर्मचाऱ्याने स्वतः पिऊन खात्री दिली होती, म्हणाले.

आणि रविकांतला काही झालं नाही! गटारात उभं राहून जन्म काढलेलं त्याचं पोट ढिम्म होतं. एखादी कळ यावी, निदान एक उलटी तरी व्हावी, म्हणून तो वाट बघत बसला. कुठलं काय? संध्याकाळी मेल्याला भूक लागली.

पाइप पुन्हा धुतला. या वेळी नळीतलं पाणी हळदीसारखं पिवळं झालं. रविकांतने पेला भरला, प्यायला आणि दुसरा भरून पुढे केला. कुणी हात लावेना. मग साखराबाईचा नवरा दगडोबा पुढे आला. त्याने नळीकडे निरखून बघितलं, पेल्याकडे बघितलंच नाही.

"आता आमी नळी बघतो," तो म्हणाला. "तुज्या बापाच्या हातचं पानी माज्या बापानं कदी घेतलं न्हाई. त्येला अक्कल व्हती. सरक तिकडं."

गल्लीने नळाला घागरी लावल्या. रविकांतने स्वच्छ केलेलं पाणी सगळे तिथेच पोटभर प्यायले. भरलेला पेला हातात धरून तो बाजूला उभा राहिला, बाप उभा राहायचा तसा.